सीझनच्या सुरुवातीला मेट्सबद्दल हमखास विचारले जाणारे प्रश्न

मार्चच्या शेवटी बेसबॉलचा सीझन सुरू झाला की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळींमध्ये दरवर्षी तेच प्रश्न फिरायला लागतात. पाच सामने हरले की "यंदा काही खरं नाही", आणि पाच जिंकले की लगेच ऑक्टोबरच्या तिकिटांची चौकशी. मी न्यूयॉर्क मेट्सची जुनी चाहती आहे. एप्रिल-मेमध्ये हा संघ कसा जोखावा याबद्दल माझी मतं ठाम आहेत, ती इथे मांडते. क्रिकेट कळतं पण बेसबॉल नवीन आहे अशांनाही समजेल अशा बेताने लिहिलंय.

पहिल्या महिन्यातल्या हार-जितीवरून पुढचं काही कळतं का?

मेट्सच्या बाबतीत फारच कमी. सीझन 162 सामन्यांचा असतो. पहिले वीस सामने म्हणजे जेमतेम आठवा हिस्सा.

मागची वर्षं काढून बघा. 1986 मध्ये पहिल्या पाच सामन्यांत मेट्स तीन हरले, मग सलग अकरा जिंकले, सीझन संपला तेव्हा 108 विजय होते आणि वर्ल्ड सिरीज, म्हणजे सीझनअखेरची विजेतेपदाची मालिका, मेट्सच्या घरी, न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात आली. 2015 ची सुरुवात हुबेहूब तशीच: पाचांत तीन पराभव, मग सलग अकरा विजय. त्या वर्षी 90 सामने जिंकून संघ वर्ल्ड सिरीजपर्यंत पोचला आणि कॅन्सस सिटी रॉयल्सकडून हरला. इथवर वाटतं की चांगली सुरुवात म्हणजे चांगला शेवट. पण 2018 मध्ये मिकी कॅलवे नव्याने मॅनेजर झाला तेव्हा पहिल्या बारा सामन्यांत अकरा विजय मिळाले होते. वर्षअखेरीचा हिशेब होता 77 विजय, 85 पराभव. 2024 मध्ये पहिले पाचही सामने गेले, 29 मेला संघ 22-33 (22 विजय, 33 पराभव) होता, आणि तरी ऑक्टोबरात नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत लॉस एंजेलिस डॉजर्सशी दोन हात करत होता. लगेच पुढच्या वर्षी, 12 जून 2025 ला, 45-24 अशी सगळ्या मेजर लीगमधली सर्वोत्तम कामगिरी. आणि सप्टेंबरअखेर प्लेऑफच, म्हणजे ऑक्टोबरची बाद फेरीच, हुकला.

आणखी एक दाखला, तो प्रतिस्पर्ध्यांचा. मे 2019 मध्ये वॉशिंग्टन नॅशनल्स मेट्सच्या सिटी फील्ड मैदानावर आले आणि मेट्सने त्यांना चारही सामन्यांत हरवलं. ते परत गेले तेव्हा त्यांचा हिशेब 19-31 होता. त्याच नॅशनल्सनी ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीज जिंकली.

मग एप्रिलमध्ये बघायचं तरी काय?

स्टार्टर किती इनिंग टाकतात ते. माझ्या मते बाकी सगळं त्याच्यानंतर येतं.

नव्या वाचकांसाठी थोडं सविस्तर. सामना नऊ इनिंगचा. पिचर म्हणजे चेंडू टाकणारा, आणि सामन्याची सुरुवात करणारा पिचर म्हणजे स्टार्टर. असे पाच, कधी सहा स्टार्टर आळीपाळीने येतात; प्रत्येकाला मध्ये चार-पाच दिवस विश्रांती. स्टार्टरने सहा इनिंग सांभाळल्या तर उरलेल्या तीन इनिंगसाठी बुलपेनमधले, म्हणजे नंतर येणाऱ्या राखीव पिचरांपैकी, दोन-तीन जण पुरतात. तो चौथ्यातच बाहेर पडला तर पाच इनिंगचं ओझं बुलपेनवर पडतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्यांनाच उभं राहावं लागतं. एप्रिलमध्ये हे खपून जातं, कारण सगळ्यांचे हात ताजे असतात. सामना 5-3 ने जिंकतो, गुणतक्ता छान दिसतो. जुलैच्या उकाड्यात त्याच हातांची किंमत मोजावी लागते.

2024 आणि 2025 शेजारी ठेवून बघा. 2024 च्या वाईट सुरुवातीतही लुइस सेव्हेरिनो, शॉन मनाया आणि होजे किंताना हे तिघे न चुकता आपल्या पाळीला उभे राहत होते. वर्षभरात तिघांनीही 170 इनिंगचा टप्पा ओलांडला, त्यातल्या दोघांनी तर 180 चा. 2025 मध्ये 170 ला एकही जण पोचला नाही. डेव्हिड पीटरसन आणि क्ले होम्स त्याच्या जवळ गेले, त्यांच्यानंतरच्या कोडाई सेंगाच्या नावावर 113 च्या आसपास इनिंग होत्या. 1986 कडे पाहिलं तर ड्वाइट गुडन, रॉन डार्लिंग, बॉब ओहेडा आणि सिड फर्नांडिस या चौघांनीही 200 हून जास्त इनिंग टाकल्या होत्या. आजच्या काळात तेवढ्याची अपेक्षा कोणी करत नाही. पण निदान तीन स्टार्टर वर्षभर टिकणार का, याची चाहूल मे संपेपर्यंत लागते.

2018 चं उदाहरण या हिशेबात बसत नाही, हे खरं. जेकब डिग्रॉमने त्या वर्षी 217 इनिंगमध्ये 1.70 चा ईआरए राखला, म्हणजे दर नऊ इनिंगमागे दोनपेक्षा कमी धावा दिल्या, सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. तरी त्याच्या खात्यात विजय फक्त 10. धावाच होत नव्हत्या. एप्रिलमध्ये दोन्ही कॅचर, ट्रॅव्हिस दार्नो आणि केव्हिन प्लवेकी, एकाच आठवड्यात जायबंदी झाले, योएनिस सेस्पेडिसचं वर्षही दुखापतींत गेलं. तेव्हा पिचिंग चांगलं असूनही संघ बुडू शकतो. पिचिंगचे हाल असताना संघ तरला, असं मात्र मेट्सच्या इतिहासात मला फारसं सापडत नाही.

हे घरबसल्या टीव्हीवर कसं ओळखायचं?

पहिल्या इनिंगपासून पिचेस मोजा. आकडा पडद्याच्या कोपऱ्यात दिसतोच. स्टार्टरला साधारण 95 ते 100 पिचेसची मुभा असते. पहिल्याच इनिंगमध्ये 25 खर्च झाल्या तर तो पाचवी पूर्ण करेल की नाही याची शंका. फलंदाजांची नऊ जणांची रांग तिसऱ्यांदा फिरून आली की धोका वाढतो, कारण तोवर त्यांनी त्याचा प्रत्येक पिच दोनदा पाहिलेला असतो. तिथे मॅनेजर कार्लोस मेंडोझा काय करतो ते बघा. स्टार्टरवर विश्वास ठेवतो, की पाचव्या इनिंगलाच उजवीकडच्या कुंपणामागे बुलपेनमध्ये कोणी उठून हात मोकळा करू लागतो?

मी साध्या शाळकरी वहीत चार रकाने आखते: स्टार्टरच्या इनिंग, पिचेस, वॉक, आणि बुलपेनमधून किती जण आले. निकालाचा रकाना नाही. दोन-तीन आठवड्यांनी पान नुसतं वरून खाली चाळलं तरी चित्र दिसतं. शेवटच्या रकान्यात सारखे चार, पाच, चार असे आकडे यायला लागले की संघ सामने जिंकत असला तरी मला काळजी वाटते.

वॉकचा रकाना त्यासाठीच आहे. फटके बसणं बऱ्याचदा नशिबाचं असतं. चार वाइड पिच टाकून फलंदाजाला पहिला बेस फुकट देणं, हे पिचरच्या हातातलं.

2025 मध्ये एवढी सुंदर सुरुवात होऊन संघ घसरला कसा?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो. उत्तर थोडं लांब आहे.

त्या वर्षी सीझन सुरू व्हायच्या आधीच मनाया आणि फ्रँकी मोंटास हे दोन स्टार्टर जायबंदी झाले होते. सलामीच्या सामन्याला उभा राहिला क्ले होम्स, जो त्याआधीच्या वर्षी बुलपेनमधून 63 इनिंग टाकणारा रिलीव्हर होता. तरी एप्रिल झकास गेला. सेंगा, पीटरसन, होम्स, टायलर मेगिल, ग्रिफिन कॅनिंग असे पाचही जण फलंदाजांना धावा करू देत नव्हते. पीट अलोन्सोची बॅट तळपत होती. फ्रान्सिस्को लिंडोरने 18 एप्रिलला सेंट लुइस कार्डिनल्सविरुद्ध अखेरच्या फटक्यावर होमरन, म्हणजे कुंपणापलीकडचा फटका, मारून सामना जिंकून दिला. कार्डिनल्सना चारदा आणि पाठोपाठ फिलाडेल्फिया फिलीजना तीनदा घरच्या मैदानावर हरवलं, तेव्हा क्वीन्समध्ये नुसता जल्लोष होता.

पण त्या पाच जणांपैकी होम्स मेजर लीगमध्ये कधी शंभर इनिंगच्या आसपासही गेला नव्हता. सेंगाचा 2024 चा जवळजवळ सगळा सीझन दुखापतीत गेला होता. नियमित सीझनमध्ये त्याने एकच सामना खेळला होता. आणि बरेच सामने पाचव्या-सहाव्या इनिंगपासून बुलपेन ओढत होतं. हे सगळं एप्रिलमध्येच समोर होतं.

12 जूनला नॅशनल्सविरुद्ध सेंगा टाकत होता. तोवर त्याचा ईआरए दीडच्या आत होता. साधा ग्राउंडर, म्हणजे जमिनीलगतचा फटका, पहिल्या बेसकडे गेला, अलोन्सोने उचलला, बेसवर धावत आलेल्या सेंगाकडे फेकला. थ्रो थोडा उंच. सेंगाने उडी मारली, चेंडू पकडला, पाय बेसवर टेकवून फलंदाजाला बादही केलं आणि पुढच्याच क्षणी मांडीमागचा भाग धरून जमिनीवर आला. सामना मेट्सने जिंकला, 45-24. त्यानंतर सलग सात पराभव. जूनअखेर कॅनिंगची टाचेमागची शीर तुटली, मेगिल कोपरामुळे बाहेर बसला. मधले कितीतरी आठवडे पीटरसन सोडला तर कोणीच स्टार्टर सहा इनिंग पूर्ण करत नव्हता. वर्षभरात मेट्सला 40 हून जास्त पिचर वापरावे लागले.

उरलेल्या 93 सामन्यांत 38 विजय, 55 पराभव. शेवटच्या दिवशी, 28 सप्टेंबरला, मायामीत 4-0 ने हार. सिनसिनाटी रेड्सचेही बरोबर 83 विजय झाले होते आणि आपसातल्या सामन्यांत ते सरस होते, म्हणून प्लेऑफमधली शेवटची, वाइल्ड कार्डची जागा त्यांची झाली. काही जण सगळं खापर सेंगाच्या त्या उडीवर फोडतात. मला ते पटत नाही. एका माणसाच्या मांडीवर आख्खा सीझन उभा होता, हीच खरी अडचण होती.

मोठा खेळाडू एप्रिल-मेमध्ये चालत नसेल तर घाबरायचं का?

नाही. 2024 मध्ये मेच्या मध्यावर लिंडोरची सरासरी .200 च्याही खाली होती आणि मैदानात हुर्यो व्हायची. वर्षअखेर 33 होमरन, आणि नॅशनल लीगच्या एमव्हीपी (सर्वांत मौल्यवान खेळाडू) मतदानात दुसरा क्रमांक. 2025 मध्ये हुआन सोटो 15 वर्षांसाठी 76.5 कोटी डॉलरचा करार घेऊन आला. खेळाच्या इतिहासात एवढा मोठा करार झाला नव्हता. मे महिना त्याचा कोरडा गेला आणि लोकांनी शोकसभाच भरवली. जूनमध्ये तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, सीझन संपला तेव्हा 43 होमरन आणि 38 चोरलेले बेस. त्याआधी एका सीझनमध्ये बाराहून जास्त बेस त्याने कधी चोरले नव्हते.

यामागे गणित आहे. फलंदाज किती वेळा स्ट्राइकआउट होतो, याचा बऱ्यापैकी अंदाज साठेक वेळा बॅटिंगला आल्यावर येतो. वॉकसाठी त्याच्या दुप्पट. बॅटिंग ॲव्हरेजचा भरवसा धरायला मात्र एक आख्खा सीझनही पुरत नाही. तेव्हा एप्रिलमध्ये ॲव्हरेज बघूच नका. तो वाइड पिचच्या मागे लागतोय का, तेवढं बघा. सोटो त्या कोरड्या महिन्यातही वॉक घेत होता.

धावांच्या फरकाचं काय? क्रिकेटमधल्या नेट रन रेटसारखं काही आहे का?

आहे, आणि एप्रिलमध्ये गुणतक्त्यापेक्षा ते जास्त कामाचं. बिल जेम्स या अभ्यासकाने मांडलेलं सूत्र आहे: केलेल्या धावांचा वर्ग भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांची बेरीज. समजा तीस सामन्यांत 150 धावा केल्या आणि 120 दिल्या, तर उत्तर येतं 0.61, म्हणजे साधारण 18 विजय व्हायला हवेत. प्रत्यक्षात 22 झाले असतील तर चार विजय नशिबाचे समजा. एका धावेने सुटलेले सामने किती जिंकले तेही त्यासोबत बघावं.

2024 मध्ये संघ सावरला तो जांभळ्या ग्रिमेसमुळे, असं म्हणतात. खरं का?

मॅकडोनाल्ड्सच्या जाहिरातींतल्या ग्रिमेस या जांभळ्या पात्राने 12 जून 2024 ला सिटी फील्डवर मानाचा पहिला चेंडू टाकला आणि मेट्स सलग सात सामने जिंकले, हे खरं आहे. मला तो दिवस आवडतो तो आणखी एका कारणासाठी. त्याच सकाळी लाँग आयलंडवर नासाउ काउंटीच्या स्टेडियममध्ये टी20 वर्ल्ड कपचा भारत-अमेरिका सामना झाला, आणि आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून खेळताना विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर आणि पाठोपाठ रोहित शर्माला बाद केलं. सकाळी क्रिकेट, संध्याकाळी बेसबॉल, दोन्ही एकाच शहराच्या आसपास. मराठी माणसासाठी न्यूयॉर्कमध्ये असा दिवस पुन्हा कधी उगवेल?

संघ मात्र आधीच सावरायला लागला होता. मेच्या मध्यावर लिंडोरला पहिल्या क्रमांकावर बॅटिंगला आणलं. 29 मेच्या पराभवानंतर त्याने फक्त खेळाडूंची बैठक बोलावली. मार्क व्हिएंटोसला तिसऱ्या बेसवर कायमची जागा मिळाली. पीटरसन खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर परतला. ग्रिमेसवर माझं प्रेम आहे, पण श्रेय या लोकांना.

सलामीचा सामना हरलो तर अपशकुन का?

मेट्स 1962 मध्ये स्थापन झाल्यापासून पहिली आठ वर्षं सलामीचा सामना हरले. आठव्या वर्षी तर माँट्रियल एक्सपोज या नव्याकोऱ्या संघाने आयुष्यातला पहिलाच सामना खेळताना त्यांना 11-10 ने हरवलं. ते वर्ष 1969. त्याच ऑक्टोबरात मेट्सनी पहिली वर्ल्ड सिरीज जिंकली.

थंडीमुळे खेळ बदलतो का?

बदलतो. सिटी फील्ड फ्लशिंग बेजवळ आहे, एप्रिलच्या रात्री तिथला वारा हाडांत शिरतो. थंड हवा दाट असते, उंच मारलेला चेंडू कमी अंतर जातो. जुलैत जो होमरन होईल तो एप्रिलमध्ये कुंपणाशी झेलला जातो. बोटं गारठल्यामुळे पिचरची चेंडूवरची पकडही सुटते. म्हणून सुरुवातीला होमरन कमी दिसले तर फलंदाजांना दोष देऊ नका. सामना बघायला जाणार असाल तर स्वेटरवर जॅकेट हवंच.

अलोन्सो गेला, एडविन डियाझ गेला. आता 2026 पासून कोणाकडे बघायचं?

मनाला लागलेला विषय आहे. अलोन्सोने ऑगस्ट 2025 मध्ये डॅरिल स्ट्रॉबेरीचा 252 होमरनचा विक्रम मोडला आणि त्याच हिवाळ्यात तो बाल्टिमोरला गेला. डियाझ डॉजर्सकडे गेला. नवव्या इनिंगला तो मैदानात येताना ट्रम्पेट वाजले की सगळं मैदान उभं राहायचं. ब्रँडन निमोची टेक्ससशी अदलाबदल करून मार्कस सीमियनला आणलं, जेफ मॅकनीलही गेला. इतकी वर्षं ज्यांची नावं पाठ होती ते सगळे एका हिवाळ्यात गेले, आणि संघाची बांधणी करणाऱ्या डेव्हिड स्टर्न्सवर चिडलेले चाहते मी रोज भेटते.

तरीही, वर सांगितलेल्या कसोटीवर बघितलं तर स्टर्न्सने नेमकं दुखणं ओळखलं असं माझं मत आहे. मिलवॉकीहून फ्रेडी पेराल्टा आला. 2025 मध्ये त्याने 176 इनिंग टाकल्या, 17 विजय मिळवले. मेट्सच्या कुठल्याही स्टार्टरपेक्षा जास्त इनिंग. सोबत नोलन मॅक्लीन आहे, ज्याने ऑगस्ट 2025 मध्ये पदार्पण करून आठ सामन्यांत 2.06 चा ईआरए राखला. या दोघांच्या इनिंग हा माझ्या वहीतला पहिला रकाना.

दुसरी नजर मैदानावर. बो बिशेट टोरांटोत शॉर्टस्टॉपला (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधली जागा) खेळायचा, मेट्सनी त्याला तिसऱ्या बेससाठी घेतला. तिसऱ्या बेसवर चेंडू अंगावर येतो, विचार करायला वेळ मिळत नाही, आणि पहिल्या बेसपर्यंतचा थ्रो लांब असतो. अशा बदलाचा निवाडा एप्रिलमधल्या दोन-चार चुकांवरून करू नका. त्याचे पाय चेंडूकडे वेळेवर वळतात का, ते बघत राहा.

न्यूयॉर्कमध्ये यांकीज असताना मेट्स का?

न्यूयॉर्कचे डॉजर्स आणि जायंट्स हे दोन्ही संघ 1957 नंतर कॅलिफोर्नियाला निघून गेले. ब्रुकलिन आणि मॅनहॅटनमधले लाखो लोक संघाविना राहिले. त्यांच्यासाठी मेट्स आले, डॉजर्सचा निळा आणि जायंट्सचा केशरी रंग घेऊन. पहिल्याच वर्षी 120 पराभव झाले, तरी लोक येत राहिले. 7 नंबरची सबवे जॅक्सन हाइट्सवरून थेट मैदानाच्या दारात जाते. डब्यात स्पॅनिश, बंगाली, चिनी, कोरियन, पंजाबी सगळं कानावर पडतं, आणि अंगावर सगळ्यांच्या तेच दोन रंग. परक्या देशातून आलेल्या मला या संघात पहिल्या दिवसापासून आपलंसं वाटलं.

भारतातून सामने बघायचे तर वेळा कशा जमवायच्या?

उन्हाळ्यातल्या वेळेनुसार न्यूयॉर्क भारताच्या साडेनऊ तास मागे असतं. संध्याकाळी 7:10 चा सामना म्हणजे भारतात पहाटे 4:40, लवकर उठणाऱ्यांना चहासोबत शेवटच्या तीन-चार इनिंग सहज मिळतात. शनिवार-रविवारी दुपारी 1:40 चा सामना असेल तर रात्री 11:10 ला सुरू होतो. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी आधी हेच दुपारचे सामने घ्यावेत. इंग्रजी समालोचन ऐकायला मिळालं तर गॅरी कोहेन, कीथ हर्नांडेझ आणि रॉन डार्लिंग या तिघांचं ऐका. हर्नांडेझ आणि डार्लिंग दोघेही 1986 च्या विजेत्या संघातले. त्यात डार्लिंग स्वतः स्टार्टर, त्यामुळे पिचर थकायला लागला की ते तो इतरांच्या आधी सांगतो. एखादी वही घेऊन त्याच्या सांगण्याप्रमाणे इनिंग आणि पिचेस टिपत गेलात, तर मे उजाडेपर्यंत तुमचं स्वतःचं मत तयार झालेलं असेल.